शनिवारची खानावळ

रिटायर झालो त्या महिन्यात शालन म्हणाली,
चौतीस वर्षं मी वाढलं,
आता मला कुणीतरी वाढू दे की.
तेव्हापासून शनिवारी आम्ही शहापुरातून निघतो
लाल बसनं, कधी हुक्केरी, कधी संकेश्वर.
गोकाकला गेलो तर करदंट घ्यायचाच,
आणि तो माझ्या दाढेत अडकायचाच.

पाटीवरची कन्नड अक्षरं मी अजून
एकेक लावत वाचतो.
शालन वाचत नाही. दारात उभी राहते,
नाक वर करते
आणि म्हणते, चल.
किंवा म्हणते, पुढं.

ताटात भाकरी आली की ती आधी उलटी करते,
पाठीवरचे डाग बघते,
पापुद्रा नखानं उचकटते.
जोंधळा चांगला, हात कच्चा.
किंवा नुसतंच, हं, पीठ शिळं.
एके ठिकाणी वांग्यात गूळ जास्त झाला म्हणून
थेट मालकालाच बोलावलं.
तो बिचारा हौद्री, हौद्री म्हणत
बिलातले पाच रुपये कमी करून गेला.
मला मेल्याहून मेल्यासारखं.
तिनं ते पाच रुपये
टेबल पुसणाऱ्या पोराला दिले.

मला काय, सगळंच गोड लागतं.
काळीभोर कारळ्याची चटणी, वर तेलाचं तळं,
कांदा बुक्कीनं फोडायची मोकळीक,
साकु साकु म्हणून हात आडवा धरला तरी
बोटांच्या फटीतून वाढणारा तो वाढपी.
घरी मी कधी पुरे म्हटलं का, आठवत नाही.
छान झालंय म्हटलं का,
तेही.

मग चिकोडी.
बस उशिरा, तीन वाजून गेलेले,
स्टँडामागं पत्र्याखाली सावंत्रव्वाची खानावळ.
भात संपला री, ती म्हणाली, रोट्टी दोनच.
दोन तर दोन. भरल्या वांग्याचा तळातला रस्सा,
त्यात शेंगदाण्याचं कूट जळता जळता राहिलेलं.
शालननं भाकरी उलटी केली.
आणि परत सुलटी केली.
काही बोलली नाही.
मी घाबरलो.

जेवण झाल्यावर ताट घेऊन ती आत गेली
ती आलीच नाही.
डोकावलो, तर चूल विझलेली,
सावंत्रव्वा भिंतीला टेकून, पाय पसरून,
मांडीवर ॲल्युमिनियमचा डबा.
मऊ भात, ताक, तळलेली एक सांडगी मिरची.
सकाळपासून ऐंशी ताटं वाढलेली बाई
स्वतः डबा खात होती.

आपलंच का जेवत नाही तुम्ही?
शालननं मराठीत विचारलं.
इदु मनीद री, ती म्हणाली.
घरचं. सुनेनं दिलेलं.
दिवसभर वास घेऊन घेऊन
तोंडाला चवच राहत नाही बघा,
कुणी दुसऱ्यानं केलेलं असलं
तर चार घास जातात.
आणि डब्याच्या झाकणात अर्धा भात काढला.

आमची शालन, जी लग्नात पंगतीला बसायच्या आधी
पत्रावळ उलटसुलट करून बघते,
ती त्या जमिनीवर बसली
आणि झाकणातलं ताक
ओठ लावून प्याली.

येताना खिडकीकडं तोंड.
यमकनमर्डी गेली, काकती मागं पडली,
तेव्हा म्हणाली, मीठ जरा कमी होतं.
पुन्हा गप्प.

त्या रात्री तांदूळ मी धुतले.
किती पाणी घालायचं विचारलं,
तिनं सांगितलं नाही,
टीव्हीचा आवाज वाढवला.
भात बुडाला लागला. वर अगदी लापशी.
ताकाला पाणी जास्त,
मिरची तळायला गेलो तर घरभर खोकला.

ती स्वयंपाकघराच्या दारात आली.
नाक वर केलं.
मी आपला पळी धरून उभा.
पातेलं तिरपं करून तिनं बूड पाहिलं,
भाकरीची पाठ पाहते तसंच,
बराच वेळ.

मग पाट ओढला
आणि माझ्यापुढं ताट सरकवून म्हणाली,
खरवड मला.